तलावाच्या गाळातले डायटम : वंशावर थांबायचं की जातीपर्यंत जायचं?

झाडीकाठ (धागाकर्ता) — रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. दोन महिने एका अडचणीत अडकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गावाच्या वरच्या अंगाला आमचा जुना मामा तलाव आहे. वऱ्हाडातल्या मंडळींसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं असे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्यानंतर सरकारजमा झाले. गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी लागला आणि तलावाच्या पोटात पुरुषभर खोल खड्डा पडला. त्याच्या उभ्या कडेवर थर स्पष्ट दिसत होते. वर काळा, वास मारणारा मऊ गाळ, मध्ये करडी माती आणि शिंपल्यांचे तुकडे, तळाला पिवळसर चिकण. कड ढासळायच्या आत मी खालून वरपर्यंत सहा ठिकाणचा चमचा-चमचा गाळ डब्यांत भरला.

डायटम म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. पाण्यातलं एकपेशीय शैवाल, पण अंगावर काचेचं कवच. मराठी विश्वकोशात यांना ‘करंडक’ म्हटलंय आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण कवच खरोखर करंड्यासारखंच असतं. एक तळ, एक झाकण. जीव मरतो, काच गाळात राहते. कोणत्या पाण्यात कोण राहतं हे ठाऊक असेल, तर गाळाच्या थरांवरून जुनं पाणी कसं होतं ते सांगता येतं.

गाळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये शिजवला, धुतला, स्लाइडी केल्या. प्रत्येक थरातली ४०० कवचं मोजली. ओळख वंशापर्यंतच (जीनसपर्यंत) ठेवली : नॅव्हिक्युला, निट्झशिया, गोम्फोनेमा, औलाकोसायरा वगैरे. सहाही थरांचे आकडे जवळपास सारखे आले. म्हणजे तलावाचं पाणी बदललंच नाही?

पण आमच्या गावातले ढीवर समाजाचे एक आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी कमळाच्या देठाखाली तळ दिसायचा. आज हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. आजोबांवर माझा विश्वास आहे. मग माझी मोजणी कुठे चुकली?

(शब्दांचा घोळ नको म्हणून : शालेय पुस्तकांत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, तर वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ म्हणजे स्पीशीज. मी इथं जीनसला वंश आणि स्पीशीजला जाती म्हणतोय. सगळ्यांनी तेच पाळावं ही विनंती.)

खारपाणपट्टा — रविवार, रात्री ११.०२

सर, मी अकोल्याकडचा शेतकरी हावो. डायटम काही पाह्यले नाही, पण तुमचा प्रश्न मले समजला असं वाटते.

आमच्या इकडं जमीन पाह्यला गेलं तर बुढा माणूस आधी गवत पाह्यते. कुंदा असला त समजायचं, काळी खोल जमीन हाय. लव्हाळा दिसला त वल हाय, पाणी मुरून रायलं. हरळी कुठीबी येते, तिच्यावरून काही समजत नाही. आता मी वहीत निसतं ‘गवत’ लिहिलं, दहा वावरात दहाबी जागी ‘गवत’ लिहिलं, त माझी वही म्हणते दहाही वावरं सारखीच हायत. वावरं सारखी नाहीत ना सर. वही चुकली.

तुमी ‘गवत’ मोजून रायले असाल.

झाडीकाठ — रविवार, रात्री ११.२०

भाऊ, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. हे उदाहरण उद्या वर्गात सांगणार आहे.

भिंगाखाली — सोमवार, सकाळी ७.४०

खारपाणपट्टा दादांनी मूळ मुद्दा सांगून टाकलाय, मी त्यात थोडी भर घालते. माझं माहेर वर्धा जिल्ह्यात. काही वर्षं संशोधन विद्यार्थिनी म्हणून डायटमवर काम केलंय.

सर, ‘वंश पुरे की जाती हवी’ याला सरसकट उत्तर नाही. ते वंशागणिक बदलतं. युनोशिया घ्या. या वंशातल्या बहुतेक जाती आम्लधर्मी, क्षार कमी असलेल्या पाण्यातल्या. एखाद्या थरात युनोशिया एकदम वाढला, तर जात न ओळखताही तुम्ही पाण्याबद्दल काही खात्रीनं बोलू शकता. नॅव्हिक्युला आणि निट्झशियाचं तसं नाही. स्वच्छ ओढ्यात नॅव्हिक्युला, गटारात नॅव्हिक्युला, खाऱ्या पाण्यातही नॅव्हिक्युला. तिथं वंशाचं नाव म्हणजे दादांचं ‘गवत’.

तुमच्या यादीतला गोम्फोनेमा तर या प्रश्नासाठीच ठेवल्यासारखा आहे. गोम्फोनेमा पार्व्हुलम सांडपाणी, शेण, सेंद्रिय घाण सहन करणारा म्हणून ओळखला जातो. गोम्फोनेमा ग्रासिली साधारणपणे कमी पोषकद्रव्यांच्या पाण्यातला मानतात. दोघांची कवचं एकाच रकान्यात टाकली की तलाव निवळशंख असो की गढूळ, तुमचा आकडा हलणार नाही.

भिंगाखाली फरक कळतो. ग्रासिली लांबट, दोन्ही टोकांकडे जवळजवळ सारखं निमुळतं. पार्व्हुलम ठेंगणं, रुंद टोकाशी किंचित चोच काढल्यासारखं. तेलाचं १०० चं भिंग मात्र हवंच, ४० वर हे काम होत नाही. निट्झशिया पेलिया त्याहून कठीण. त्याच्या आडव्या रेघा १० मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तीसएक, कधी त्याहून दाट, साध्या सूक्ष्मदर्शकात जेमतेम दिसतात. उलट निट्झशिया अँफिबियाच्या रेघा ठसठशीत असतात. निदान ‘रेघा दिसतात’ आणि ‘रेघा दिसत नाहीत’ असे दोन ढीग केलेत तरी खूप कळेल.

पहिलं काम : नवा गाळ आणू नका. त्याच स्लाइडी पुन्हा मोजा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची, दोनच.

आकडेमोड — सोमवार, दुपारी १.१०

अमरावतीहून. संख्याशास्त्र शिकवतो, डायटमचं ज्ञान शून्य, पण इथं जे गणित वापरतात ते माझ्या ओळखीचं आहे.

पद्धत अशी. आज हयात असलेल्या पुष्कळ तलावांतून वरचा ताजा गाळ घ्यायचा, सोबत पाण्याचा सामू (पीएच), क्षार, फॉस्फरस मोजायचं. मग प्रत्येक जातीसाठी भारित सरासरी काढायची : ती जात जिथं जास्त सापडली त्या पाण्याला जास्त वजन. येणारा आकडा म्हणजे त्या जातीची ‘आवड’. पुढं जुन्या थरात ज्या जाती सापडतात, त्यांच्या आवडींची पुन्हा भारित सरासरी घेतली की त्या काळच्या पाण्याचा अंदाज मिळतो. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवरून जुनं तापमान काढायची अशी गणिती रीत इंब्री आणि किप यांनी १९७१ मध्ये मांडली. त्यांचं गणित थोडं वेगळं होतं, कल्पना हीच.

आता ‘गवत’ झालं की काय होतं ते बघा. समजा एका वंशात दोन जाती. ‘क’ ला १५० विद्युतवाहकतेचं (क्षार जास्त तितकी ती जास्त) पाणी आवडतं, ‘ख’ ला ९०० चं. दोन्ही सारख्याच प्रमाणात सापडल्या आणि तुम्ही त्या एकत्र केल्या, तर वंशाची आवड निघते ५२५. या ५२५ च्या पाण्यात कदाचित दोघांपैकी कुणीच राहत नसेल. खालच्या थरात ४० टक्के ‘क’, वरच्या थरात ४० टक्के ‘ख’ असला, तर प्रत्यक्षात पाणी पूर्ण पालटलेलं असतं. पण गणितात दोन्ही थरांत ४० टक्के तोच वंश, आवड ५२५, बदल शून्य. सरांच्या तक्त्यात हेच झालेलं दिसतं.

विदर्भाचंच घ्या. झाडीपट्टीतल्या धानकऱ्याकडे १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बुलडाण्याकडच्या कापूसवाल्याकडे ८०० च्या आतबाहेर. दोघांना निव्वळ ‘शेतकरी’ म्हटलं आणि शेतकऱ्याला आवडणारा पाऊस काढला, तर त्या आकड्यावर दोघांचंही शेत पिकणार नाही.

पण उलटी बाजूही लिहितो, कारण ती लोक विसरतात. जाती फार बारीक फोडल्या की प्रत्येक जात मोजक्याच तलावांत सापडते. ४० तलावांपैकी दोनच ठिकाणी दिसलेल्या जातीची ‘आवड’ म्हणजे त्या दोन तलावांचा योगायोग. त्यामुळं प्रत्येक नवी चिरफाड गणित सुधारतेच असं नाही. आणि सर, तुमच्याकडे असा आजच्या तलावांचा संच आहे का? युरोपातल्या तळ्यांचा संच उचलून झाडीपट्टीला लावता येणार नाही.

झाडीकाठ — सोमवार, रात्री ९.३०

आकडेमोड सर, संच नाही. आमच्या तालुक्यातच पुष्कळ तलाव आणि बोड्या (लहान तळी) आहेत, तेव्हा तो करता येईल. पण आधी स्लाइडी.

कॉलेजात तेलाचं भिंग एकच आहे आणि परीक्षा चालू आहेत. चार दिवस द्या.

मेहकरकर — मंगळवार, सकाळी ८.०५

मध्येच विचारतो. लोणार आमच्याजवळ. तिथल्या गाळातून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय असं ऐकलं. तोही डायटमवरूनच का?

रेतीघाट — मंगळवार, सकाळी १०.४५

मी नागपूरचा, भूविज्ञानवाला. लोणारच्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळ-नळीवर (तळात नळी घुसवून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभावर) भारतीय आणि जर्मन संशोधकांनी मिळून काम केलं. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षात आजपासून मागे साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षं आणि २,००० ते ६०० वर्षं असे दोन मोठे कोरडे कालखंड दिसतात. त्यातला एक भक्कम पुरावा खनिजाचा होता. पाणी आटून फार खारट झालं की गेलुसाइट नावाचं सोडियम-कॅल्शियमचं कार्बोनेट तळाशी तयार होतं. ते ज्या थरात, तो काळ कोरडा. तिथं परागकणांचाही अभ्यास झालाय.

डायटमच्या बाबतीत लोणारसारख्या पाण्यात मूळ अडचण रसायनाची आहे. सामू ९ च्या वर गेला की काच विरघळण्याचा वेग झपाट्यानं वाढतो. पातळ कवचं आधी जातात, जाड राहतात. जी राहतात तीही झिजून त्यांच्या रेघा पुसट होतात. मग जातीपर्यंत पोचणं शक्य नसतं, वंशावरच थांबावं लागतं.

यात एक सापळा आहे. वरचे थर ताजे म्हणून तुम्ही दहा जाती ओळखल्या, खालचे झिजलेले म्हणून तिथं फक्त ‘नॅव्हिक्युला, जात अनोळखी’ लिहिलं. मग आलेख काढला. आलेख म्हणतो, पूर्वी विविधता कमी होती, नंतर वाढली. तलावात तसं काही घडलेलंच नाही, बदललं ते तुमचं ओळखणं. एका नळीत वरपासून खालपर्यंत ओळखीची पातळी एकच पाहिजे. नाही तर निदान प्रत्येक थरात किती कवचं अनोळखी राहिली तो आकडा सोबत छापला पाहिजे.

परागकणांत तर हे बंधन निसर्गानंच घातलंय. गवताच्या कुळातले पराग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एकसारखे गोल, एक भोक असलेले. ज्वारी, बांबू, कुंदा सगळं एकाच रकान्यात जातं. खारपाणपट्टा भाऊंचं ‘गवत’ तिथं टाळताच येत नाही, म्हणून निष्कर्षही तेवढ्याच बेतानं काढायचे.

बोडीवाली — मंगळवार, दुपारी ४.२०

मी गोंदिया जिल्ह्यात तलाव दुरुस्तीच्या कामात आहे, बायकांच्या गटासोबत. शास्त्र जास्त कळत नाही, पण तलाव कळतात. सर, थरांबद्दल एक शंका आहे.

मामा तलाव उन्हाळ्यात अर्धा उघडा पडतो. कडेच्या पट्ट्यात लोक गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी) करतात, नांगर चालतो. म्हशी दिवसभर बसतात. मासे तळ उकरतात. आणि मागे कधीतरी गावानं फावड्यानं गाळ काढलेलाच असणार, ती जुनी रीतच होती. मग तुमचा खालचा थर खरोखर जुना आणि वरचा नवा, हे कशावरून?

खड्डा तलावाच्या कोणत्या भागात होता?

झाडीकाठ — मंगळवार, रात्री ८.५०

ताई, प्रश्न रास्त आहे. खड्डा पाळीजवळ (बांधाजवळ), सगळ्यात खोल भागात होता. तिथं मे महिन्यातही ओल असते आणि गाळपेर होत नाही असं गावकरी सांगतात. पण फावड्याच्या गाळाबद्दल मी विचारलेलं नव्हतं. आजोबांना विचारतो.

रेतीघाट — मंगळवार, रात्री ९.१५

बोडीवाली ताईंनी विचारलं ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. गेल्या शंभर-दीडशे वर्षांच्या गाळाचं वय शिसे-२१० वरून काढतात, त्याचं अर्धायुष्य २२ वर्षांच्या थोडं वर. शिवाय अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ चं शिखर १९६३ च्या आसपासच्या थरात येतं. गाळ उपसला किंवा ढवळला गेला असेल, तर शिसे-२१० खाली-खाली नीट कमी होत जात नाही, त्यावरून गडबड ओळखू येते. या चाचण्या कॉलेजात होणार नाहीत, पण तोवर ‘खालचा’ आणि ‘वरचा’ एवढंच म्हणा, वर्षं लिहू नका.

मूळ विषयावर एक किस्सा सांगतो. तो समुद्रातला आहे, पण ओळख किती महाग पडू शकते ते त्यातून कळतं. फोरामिनिफेरा हे चुन्याच्या कवचाचे सूक्ष्मजीव. त्यांतला निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा थंड समुद्राचा. त्याची गोगलगायीसारखी गुंडाळी काही कवचांत डावीकडे वळते, काहींत उजवीकडे. डावी जास्त तिथं पाणी बर्फाळ, उजवी जास्त तिथं कमी थंड, हे लोकांना खूप आधीपासून दिसत होतं. पण जात एकच मानायचे. थंडीमुळं गुंडाळीची दिशा बदलते, अशी समजूत. पुढं डीएनए तपासला तर त्या मुळातच दोन वेगळ्या जाती निघाल्या, आणि २००६ मध्ये उजवीसाठी ‘इनकॉम्प्टा’ हे नाव पक्कं करण्यात आलं.

आता विचार करा. पूर्वीच्या कुणी वहीत फक्त ‘पॅकिडर्मा’ लिहून ठेवलं असेल, तर ती वही तापमानासाठी निकामी. ज्यानं ‘डावे इतके, उजवे इतके’ असं लिहिलं, त्याची वही ५० वर्षांनीही कामाची, त्याच्या काळी दोन जाती आहेत हे कुणाला माहीत नसतानाही.

भिंगाखाली — बुधवार, सकाळी ६.५५

रेतीघाट सरांचा शेवटचा परिच्छेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यावरच नावांचा दुसरा आजार समजतो.

जातीपर्यंत जा असं मी म्हटलं खरं. पण आपल्याकडे अनेकदा जातीचं नाव चुकीचं लागतं, आणि ते वंशावर थांबण्यापेक्षा घातक असतं. हाताशी असलेली पुस्तकं युरोपातली. आपलं कवच त्यातल्या ज्या चित्राच्या जवळ जाईल ते नाव आपण चिकटवतो. नाव लागलं की त्यासोबत युरोपातली ‘आवड’ही येऊन चिकटते : हा स्वच्छ पाण्याचा, हा थंड पाण्याचा. भंडाऱ्याच्या उन्हात ४५ अंशांत तापलेल्या तलावातला तुमचा ‘ग्रासिली’ खरोखर तोच आहे का? मीच वर ते नाव सहज लिहून गेले, म्हणून आज ही दुरुस्ती.

भारतात हे काम झालंय, पण थोड्याच हातांनी. हे. पृ. गांधी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात एकट्यानं कोल्हापूर-पन्हाळा, जोग धबधबा, धारवाड, गुजरात इथले डायटम काढून, चित्रं रेखाटून प्रसिद्ध केले. कोल्हापूर परिसरातल्या त्यांच्या गोम्फोनेमांची कार्तिक आणि कोसिओलेक यांनी २०१२ मध्ये नव्यानं तपासणी केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज डायटमवर काम चालतं. गांधींनी नावासोबत चित्र आणि मापं दिली होती, म्हणूनच इतक्या वर्षांनी कुणाला ते पुन्हा तपासता आलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

युरोपातही नावं काही दगडावरची रेघ नाहीत. एडिनबरोच्या ब्लॅकफर्ड तळ्यात सेलाफोरा प्युप्युला या एकाच नावाखाली वेगवेगळ्या घाटाची कवचं एकत्र राहत होती. डेव्हिड मान यांनी ती वाढवून बघितली तर वेगवेगळे घाट आपसांत संकर करत नव्हते. २००४ मध्ये त्यांतल्या अनेकांना स्वतंत्र जाती म्हणून नावं मिळाली. गोम्फोनेमा पार्व्हुलमही असंच अनेकांचं गाठोडं आहे.

आणि प्रयोगशाळांमधला घोळ. १९८० च्या दशकात आम्लपावसाचा वाद पेटला होता. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातली तळी आम्लधर्मी का झाली, कोळशाच्या धुरानं की आजूबाजूच्या जमिनीतल्या बदलांनी? उत्तर गाळातल्या डायटममध्ये होतं. पण प्रत्येक देशाची प्रयोगशाळा त्याच कवचाला वेगळं नाव द्यायची. एकमेकांच्या स्लाइडी बदलून मोजून, ‘याला सगळ्यांनी हेच म्हणायचं’ असं ठरवल्यावरच आकडे जुळवता आले. मग अनेक तळ्यांत दिसलं की पाणी आम्ल होण्याची सुरुवात औद्योगिकीकरणानंतरची आहे.

म्हणून सर, तुम्ही असं करा. नाव येत नसेल तर देऊ नका, खूण द्या. ‘गोम्फोनेमा-१ : लांबट, सारखी टोकं’, ‘गोम्फोनेमा-२ : ठेंगणा, चोच’. प्रत्येक खुणेचे पाच-सहा फोटो, लांबी, रुंदी, १० मायक्रॉनमधल्या रेघा. मोजणी खुणेप्रमाणे करा. दोन खुणा एकच जात निघाली तर बेरीज एका मिनिटात होते. एकत्र मोजलेलं मात्र पुन्हा वेगळं करता येत नाही, स्लाइड पहिल्यापासून मोजावी लागते. आकडेमोड सरांची बारीक चिरफाडीची तक्रारही याच रीतीनं सुटते : वहीत बारीक, गणितात गरजेपुरतं ठोक.

आकडेमोड — बुधवार, दुपारी १२.३०

मान्य. वहीतली नोंद आणि गणितातला गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझ्या लिहिण्यात मी त्या एक केल्या होत्या. प्रश्न कोणता त्यावरही गट ठरतात. ‘तलाव भरलेला होता की आटलेला’ एवढंच विचारायचं असेल, तर तरंगणारे आणि तळाला किंवा वनस्पतींना चिकटून राहणारे असे दोन ठोक गट बऱ्याचदा पुरतात. ‘फॉस्फरस किती होता’ हा आकडा हवा असेल तर जातीशिवाय इलाज नाही.

मेहकरकर — बुधवार, संध्याकाळी ६.००

एवढी कटकट करण्यापेक्षा गाळाचा सरळ डीएनएच का काढत नाहीत?

भिंगाखाली — बुधवार, संध्याकाळी ७.२५

काढतात. पण थंड तळ्यांत डीएनए टिकतो, तसा आपल्या उन्हात वाळणाऱ्या-भिजणाऱ्या गाळात टिकत नाही. दुसरं म्हणजे डीएनएचा तुकडा मिळाल्यावर तो कुणाचा हे ओळखायला नावानिशी जुळवलेला संग्रह लागतो, आणि आपल्या तलावांतल्या जाती त्यात असतील तरच तो बोलतो. शेवटी कुणीतरी भिंगाखाली बसून ते कवच ओळखावंच लागतं.

झाडीकाठ — रविवार, रात्री ११.४०

चारऐवजी सहा दिवस लागले. दोन्ही स्लाइडी खुणांप्रमाणे पुन्हा मोजल्या, प्रत्येकी ४००. डोळे लाल झालेत पण आज झोप येईलसं वाटत नाही.

वंशांची टक्केवारी पूर्वीसारखीच आली, ती मोजणी चुकली नव्हती. पण आत फोड केल्यावर चित्र पालटलं. खालच्या थरातला गोम्फोनेमा जवळपास सगळा ‘गोम्फोनेमा-१’, लांबट. वरच्या थरात तो शोधून सापडावा लागतो, तिथं सगळी ‘गोम्फोनेमा-२’ ची गर्दी. निट्झशियातही तसंच. खाली ठसठशीत रेघांचा, वर रेघा न दिसणारा सडपातळ. औलाकोसायरात मात्र फरक नाही, दोन्हीकडे एकच जात वाटते. नॅव्हिक्युला म्हणून मी जे मोजत होतो त्यात निदान पाच वेगळ्या आकृत्या निघाल्या. त्यांपैकी दोन आता नॅव्हिक्युला वंशातच ठेवत नाहीत असं पुस्तक बघून कळलं. त्यांचं अजून काही सांगता येत नाही.

ग्रासिली, पार्व्हुलम, पेलिया ही नावं मी लिहिलेली नाहीत. खुणाच ठेवल्या आहेत. ‘तलाव पूर्वी स्वच्छ होता’ असंही म्हणत नाही. म्हणतोय ते इतकंच : खालचा आणि वरचा थर एकाच पाण्यातला नाही, आणि हे वंशाच्या तक्त्यात दिसत नव्हतं.

बोडीवाली ताई, आजोबांना विचारलं. फावड्यानं गाळ काढायचे, पण तो तिकडल्या उथळ पट्ट्यातला, बैलबंडी जिथवर उतरायची तिथवरचा. पाळीजवळच्या डोहात कधी कुणी उतरलं नाही, असं ते ठामपणे सांगतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी विचारलीच नव्हती. तलावाच्या वर पूर्वी मोहाची आणि येनाची राई होती. ती तोडून धानाच्या बांध्या झाल्या आणि नंतर खताचं पाणी थेट तलावात यायला लागलं. साल सांगता आलं नाही, ‘माझ्या लग्नानंतर’ म्हणाले.

खारपाणपट्टा — सोमवार, सकाळी ६.१०

सर, वाचून लय बरं वाटलं. आजोबाचं लग्न कोणत्या साली झालं ते पत्रिकेवरून नाही त घरच्यांकडून काढा. तुमच्या थराले तेवढा तरी एक खुंटा भेटन.

भिंगाखाली — सोमवार, सकाळी ७.१५

मधले चार थर आता मोजाच, बदल अचानक आहे की हळूहळू ते त्यातच कळेल. दोन्ही गोम्फोनेमांचे फोटो मोजपट्टीसह इथं टाका, जमल्यास एकाच कवचाचे दोन फोकसवर. आणि स्लाइडी कॉलेजच्या कपाटात बेवारस ठेवू नका. प्रत्येक स्लाइडीवर तलाव, थराची खोली आणि तारीख हिऱ्याच्या पेन्सिलीनं काचेवरच कोरा. कागदी चिठ्ठी दोन पावसाळ्यांत वाळवी खाते. माझी एक अख्खी पेटी अशी गेली आहे, कुठल्या तलावाची ते आज मलाही सांगता येत नाही.

बोडीवाली — सोमवार, सकाळी ९.३०

सर, आमच्याकडच्या दोन तलावांत मे महिन्यात गाळ काढायचं काम निघणार आहे. एकाच्या वर अजून जंगल शाबूत आहे, दुसऱ्याच्या वर सगळ्या बांध्या. आकडेमोड सरांच्या संचात दोन्ही बसतील असं वाटतं. ताजा वरचा गाळ आमच्या गटातल्या बाया आत्ताच काढून ठेवतील, फक्त किती, कशात आणि कुठल्या ठिकाणाहून ते लिहून पाठवा. जेसीबी उतरायच्या आदल्या दिवशी कळवते, म्हणजे कड उभी असतानाच तुम्हाला बघता येईल.

झाडीकाठ — सोमवार, सकाळी ९.५२

ताई, नक्की येतो. ताजा गाळ वरचा एक सेंटीमीटर, खोल भागातून, झाकणाच्या स्वच्छ डबीत. डबी अर्धी भरली तरी पुरे. डबीच्या बाहेरून पेन्सिलीनं तलावाचं नाव आणि तारीख लिहा, पेनानं नको, शाई पाण्यानं जाते. पाण्याचा सामू आणि विद्युतवाहकता मोजायला कॉलेजचं मीटर मी सोबत आणेन.